ठिणगीचे कान

मार्शिएन, ९ मार्च १९४१

मादाम कोलार,

लग्नाच्या दिवशी तुम्ही मला बजावलं होतं, "मला आई म्हणायचं नाही, मी तुझी आई नाही." म्हणून मादाम.

थिओच्या दफनाला तुम्ही एवढ्या थंडीत उर्थ नदीच्या काठावरून इथवर आलात, आणि कॉफीचा कप तसाच ठेवून निघून गेलात. कॉफी कसली, भाजलेल्या जवाचं काळं पाणी ते. पण शेजारच्या झेफिरीननं त्यात आपल्या पोरांच्या वाटची साखर घातली होती. तिला लागलं. मला त्या दिवशी काहीच लागत नव्हतं.

कबरीपाशी तुम्ही म्हणालात, "आजच्या आज फिर्मांला लिही. बापाला कळलं पाहिजे." मी लिहिलं नाही. लिहिणारही नाही. आणि तुम्हीही लिहू नका, एवढं मागायला हे पत्र.

तुमचा मुलगा 'चंडोल' साप्ताहिकात 'पाकोळी'ची चित्रकथा काढायला लागला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "बाप्या माणूस, आणि पोरांसाठी बाहुल्या काढतो." तुम्ही कधी ते पान नीट पाहिलं नसेल, म्हणून सांगते. कप्तान रेनिए नावाचा एक नावाडी आहे, पाकोळी नावाची त्याची मालवाहू होडी आहे, आणि होडीवर एक टोपीवाला लहानगा आहे, ठिणगी. तिघं जगातल्या नद्या फिरतात नि दर आठवड्याला मरता मरता वाचतात. तो ठिणगी म्हणजे आपला थिओ. फिर्मांनं त्याला समोर उभा करूनच काढला होता. थिओलाही ते इतकं चढलं की तो ती टोपी घरातही काढेना, झोपताना मी ओढून काढायची.

गेल्या मे महिन्यात फिर्मां लढाईत जर्मनांच्या हाती कैद झाला तेव्हा मालिका अर्ध्यावर होती. रेनिए कालव्याच्या दोन बंद दरवाज्यांमध्ये, वर चढत चाललेल्या पाण्यात अडकलेला, आणि त्याला कसा सोडवायचा ते फिर्मांनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. लग्नापासून त्याच्या चित्रांतली अक्षरं मीच लिहायची, शाईचं काळं मीच भरायची. संपादक मस्यू पिरॉत म्हणाले, "मादाम, हात तुमचाही बसलाय. सही त्याचीच राहू दे." म्हणून आता पान मी काढते. ते छापून आलं की त्यात खारवलेलं डुकराचं मांस गुंडाळून जर्मनीला पाठवते. पोरांची चित्रं म्हणून छावणीचा तपासनीस जाऊ देतो.

फिर्मां लिहितो: "वरच्या खाटेच्या फळीला पान चिकटवतो. सकाळी डोळे उघडले की ठिणगी दिसतो, म्हणजे थिओ दिसतो. मग उठतो." त्याच पत्रात खाली आहे: "शेजारच्या खाटेवरच्या उबेरला घरून चिठ्ठी आली, त्याची बायको गेली. दुसऱ्या दिवशी तो तारेकडं फिरायला गेला."

तारेकडं कुणी फिरायला जात नाही, मादाम. पहारेकरी गोळी घालतात. हे उबेरला ठाऊक होतं.

घटसर्पानं माझं पोर नेलं. उरलेलं माणूस मी चिठ्ठीनं मारणार नाही.

लेओनी


मार्शिएन, २ एप्रिल १९४१

मादाम कोलार,

तुमचं पत्र पोचलं. "माझा मुलगा भित्रा नाही. पोराच्या आत्म्यासाठी बापानं प्रार्थना केली पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. ईस्टरपर्यंत तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन." वाचलं. फिर्मां दर महिन्याला तुम्हालाही उत्तर लिहायचा छावणीचा एक कोरा कागद पाठवतो, तेव्हा तुम्ही लिहू शकता हे मला माहीत आहे.

मग मलाही एक लिहू द्या. मनात ठेवायचं ठरवलं होतं, पण तुम्ही गळ्याशी आणलंत.

तुमचे यजमान नदीवर मासे धरायला गेले, पाय घसरला आणि बुडाले, असं तुमच्या गावात सगळे म्हणतात. फिर्मां तेव्हा बारा वर्षांचा होता. बापाचा गळ दारामागं तसाच टेकवलेला त्यानं पाहिला होता. तुम्ही तो उचलून माळ्यावर ठेवलात तेही पाहिलं होतं. लग्नाआधी एकदाच बोलला तो त्यावर. म्हणाला, "माझ्यातही ते आहे, लेओनी. लक्ष ठेव."

पाद्रीबाबांना तुम्ही घसरल्याचं सांगितलंत, म्हणून त्यांना चर्चच्या कुंपणाच्या आत जागा मिळाली, जीव देणाऱ्याला जी मिळत नाही. मी नावं ठेवत नाही. मी असते तर तेच केलं असतं. आत्ता तेच करतेय. आपण दोघी एकाच माळेचे मणी, मादाम. फक्त तुम्ही तुमचं झाकून ठेवता आणि माझं वाकून बघता.

ईस्टरला लिहायचं तर लिहा. पण त्याआधी एकदा माळ्यावर जाऊन या.

लेओनी


मार्शिएन, २१ सप्टेंबर १९४१

मादाम कोलार,

तुम्ही लिहिलं नाहीत. मला उत्तरही दिलं नाहीत, पण फिर्मांच्या पत्रांवरून कळतं की तुम्ही त्याला कोंबड्यांबद्दल आणि पावसाबद्दल लिहिता. उपकार झाले. लोणी मिळालं. कोण पाठवतं ते पार्सलवर नव्हतं, पण या गावात असं पिवळं लोणी जर्मन साहेबाच्याही ताटात नसेल.

आता एक नवंच उभं राहिलंय, आणि मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

फिर्मां लिहितो: "ठिणगीची टोपी काढ. पोरगं मोठं होत असेल, आणि मला इथं टोपीखाली दोन ठिपके नि एक नाक एवढंच दिसतं. कथेत वाऱ्यानं उडव, नदीत पाड, काहीही कर. थिओ आता कसा दिसतो ते मला बघायचंय. दर थोड्या दिवसांनी त्याला समोर बसव आणि आहे तसा काढ."

आहे तसा.

फोटो आपल्याकडे एकच होता, टोपीतलाच, तो फिर्मांच्या खिशात गेलाय. मी आठवून काढायला बसले. सहा वर्षांचा थिओ कसाबसा जमला. पण फिर्मांला सात वर्षांचा पाहिजे, पुढच्या वर्षी आठ वर्षांचा. तो मी कुठून आठवू? जे झालंच नाही ते कसं आठवायचं?

मी झेफिरीनकडं गेले. तिचा ऑस्कार थिओच्याच वर्गातला, दोघं एकाच महिन्यात जन्मलेले. तिला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बटाट्याची सालं शिजवत होती. 

"म्हणजे माझं पोर उसनं पाहिजे तुला," ती म्हणाली.

"समोर बसायला. रविवारी. पाव आणि गुळमट सिरप देईन."

"अगं, सिरप दिलंस तर तो मोझेस होऊन बसेल, दाढी लावून. पण एक सांग, उसनं नेलेलं भांडं लोक परत देताना पोचा पाडून देतात. माझं आहे तसं परत यायला हवं."

ऑस्कार पहिल्या दिवशी जागेवर राहीना. नाक खाजव, पाय हलव, खिडकीतून थुंक. मी ओरडले, "हलू नकोस! मी सांगेपर्यंत हलायचं नाही." त्यानं मान ताठ केली, श्वाससुद्धा धरून ठेवला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मादाम, आता हललं तर चालेल?"

मला हसू आलं. थिओ गेल्यापासून पहिल्यांदा. मग ते हसू मलाच सहन झालं नाही, आणि मी त्याला पाव देऊन लवकर घरी पाठवलं.

पुढच्या अंकात वाऱ्यानं टोपी उडते.

लेओनी


मार्शिएन, १५ फेब्रुवारी १९४२

आई,

लिहिलं बघा. आता खोडत नाही.

काल फिर्मांचं पत्र आलं, आणि त्यात तुमचं वाक्य त्यानं उतरवून धाडलंय. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

झालं होतं असं, की ऑस्कारचे कान. तुम्ही त्याला दफनाला पाहिला असेल, पण तेव्हा लक्षात नसेल आलं. कपाच्या दोन्ही बाजूंना कान लावावेत तसे ते बाहेर आलेत. मी पहिल्यांदा काढताना जरा आत दाबले, पण समोर मॉडेल असलं की हात खोटं बोलत नाही. दोन-तीन महिन्यांत ते पानावर आले ते आलेच. मला धडकी भरली, आता फिर्मां ओळखणार. थिओचे कान असे नव्हते. जानेवारीत त्याचं पत्र आलं: "थिओचे कान असे कधी झाले? टोपीमुळं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अगं, हे तर माझ्या बाबांचे कान! आईला विचारतो."

 तुम्हाला विचारणार! एका शब्दाची चुकामूक की संपलं. तुम्हाला आधी कळवावं तर आपलं टपाल आठवडा-आठवडा घेतं. मी काही केलं नाही. बसून राहिले.

आणि तुम्ही त्याला लिहिलंत: "हो रे, तुझ्या बाबांचेच कान. मीही मागच्या भेटीत पाहिले तेव्हा मला भरून आलं."

फिर्मां लिहितो की ते वाचून तो हसला, आणि त्याच्या खोलीतली सगळी माणसं पानापाशी जमून कान बघून गेली. एक जण म्हणाला म्हणे, "कोलार, या कानांनी पोरगं वारा धरून घरी उडत येईल."

आई, तुम्ही चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या. हे लिहिताना तुम्हाला काय झालं असेल ते मला कळतं. तुमच्या यजमानांचे कान खरंच तसे होते का? नको, सांगू नका.

या वर्षी थिओच्या दिवशी मी चर्चमध्ये त्याच्या नावानं प्रार्थना सांगितली. तुमच्या शब्दाखातर. चर्चची पायरी कधी न चढलेले माझे खाणकामगार वडील असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

लेओनी


मार्शिएन, १७ जानेवारी १९४३

आई,

हॅरिंग, हॅरिंग आणि हॅरिंग. समुद्रानं एवढे मासे यंदाच का दिले कुणास ठाऊक. सगळ्या गल्लीला वास आहे. माझ्या कागदालाही असेल, माफ करा. तुमच्या डुकराचा तुकडा सगळाच्या सगळा फिर्मांला गेला. नाही म्हणजे, एक फोड मी खाल्ली. खोटं कशाला.

मस्यू पिरॉतनी बोलावलं होतं. टेबलावर गेल्या वर्षभराची पानं पसरलेली. म्हणाले, "मादाम कोलार, हे काय चाललंय? पोरगं वाढतंय."

"पोरं वाढतात, मस्यू."

"माणसांची वाढतात. चित्रकथेतलं पोर वाढत नसतं! तो वाढला की रेनिए म्हातारा होणार, रेनिए म्हातारा झाला की होडी विकणार, मग आपण काय छापायचं? कांद्यांचे भाव? वाचणाऱ्या पोरांची पत्रं आलीत. ठिणगीचे हात बाहीबाहेर आलेत असं एकीनं लिहिलंय. नवा सदरा शिवा म्हणते."

 त्यांना थिओचं माहीत आहे, दफनाला आले होते. पण फिर्मांला माहीत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"म्हणजे ही मालिका आपण जर्मनीत एका माणसासाठी चालवतोय."

"तिकडं एका माणसासाठी. इकडं खाणीवरच्या सगळ्या पोरांसाठी. दोघांचं भागतंय की."

"सदरा मोठा काढा मग," ते म्हणाले. 

तुम्हाला खरं सांगायचं ते वेगळंच आहे. डिसेंबरात ऑस्कारचा घसा धरला. ताप. मी बातमी ऐकली आणि आधी काय मनात आलं ठाऊक आहे? 'आता रविवारचं पान कसं होणार.' त्यानंतर मला ते पोर आठवलं. मी स्वतःला थोबाडात मारून घेतली, खरंच मारली. घटसर्प नव्हता, साधा घसा होता. पण झेफिरीननं दारात माझं तोंड बघितलं आणि तिला समजलं. म्हणाली, "लेओनी, तुझं पोर गेलं तेव्हा मी तुझ्याबरोबर रडले. माझ्या पोराच्या तोंडावर तू तुझ्या पोराचं नाव किती दिवस लिहिणार? देवाला एकदा घोटाळा झाला तर?"

"फिर्मां येईपर्यंत," मी म्हटलं.

"नि आल्यावर?"

त्याचं उत्तर तुमच्यापाशी असलं तर कळवा.

लेओनी


मार्शिएन, १० ऑक्टोबर १९४३

आई,

'चंडोल' बंद झाला. जर्मनांना आपला माणूस संपादकाच्या खुर्चीशेजारी बसवायचा होता. मस्यू पिरॉत म्हणाले, खुर्ची एकच आहे. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी लागली. गुरुवारी पोरं नेहमीसारखी दुकानापुढं उभी होती. दुकानवाली म्हणाली, "जा रे, आज काही नाही," तरी ती तासभर हलली नाहीत.

पण पान चालू आहे. घाबरू नका. मस्यू पिरॉतनी छापखान्याच्या मागच्या खोलीत कच्चा नमुना काढायचं हातयंत्र नि थोडा कागद राखून ठेवलाय. दर आठवड्याला मी पान काढते, ते एकच प्रत दाबून काढतात, वर चंडोलाचं चित्र नि अंकाचा आकडा घालतात, आणि मी त्यात मासे गुंडाळते. तपासनिसाला वाटतं, कुठला तरी परवानगीचा अंक आहे. फिर्मांलाही तसंच वाटतं.

असा हा अंक आहे, आई, ज्याचा वाचक एक.

ऑस्कार आता नऊ वर्षांचा. एका पायावर भार टाकून उभा राहतो, दुसऱ्याची टाच उचलून. फिर्मां लिहितो: "थिओ उभा राहतो ते अगदी माझ्यासारखं." ऑस्कार उभा राहतो तो त्याच्या बापासारखा, गल्लीत कुणीही सांगेल. पण मी फिर्मांला 'हो' लिहिलं. आता 'हो' लिहायला मला वेळ लागत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

पोराला सगळं कळतं. मागच्या रविवारी विचारलं त्यानं, "मादाम, मोठा झाल्यावर थिओ काय होणार?"

मी म्हटलं, "नीट बस."

लेओनी


मार्शिएन, ४ फेब्रुवारी १९४५

आई,

तुम्ही जिवंत आहात! पत्र घेऊन आलेल्या अमेरिकन पोराला मी मिठी मारली, तो लाजून लाल झाला. डिसेंबरात जर्मन तुमच्या बाजूला परत घुसले त्यात छप्पर गेलं, कोंबड्या गेल्या, गाय गेली, म्हणता. जाऊ द्या. तुम्ही तळघरात होतात आणि आहात. माझ्याकडं या म्हटलं असतं, पण पूल पडलेत.

इथून जर्मन गेले त्यालाही आता पाच महिने होत आले, आणि तेव्हापासून फिर्मांकडं काहीच जात नाही नि त्याच्याकडून काहीच येत नाही. तो आहे की नाही हेही कळायला मार्ग नाही. 'चंडोल' परत निघतोय. ठिणगी दहा वर्षांचा झालाय, पोरांनी तोही पचवला. मी मात्र रविवारी ऑस्कारला काढते आणि माझं मलाच समजत नाही, आता कुणासाठी?

तुम्ही लिहिता ते मला पटलं. आला तर घरी, दार लावून, आपण दोघींनी मिळून सांगायचं. तुम्ही त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. सुऱ्या, दोर, खाणीकडचा रस्ता, काय काय सांभाळायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत. तोवर झेफिरीननं ऑस्कारला त्याच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही असं मी बजावून ठेवलंय.

फक्त तो येऊ दे.

लेओनी


मार्शिएन, २४ मे १९४५

आई,

फिर्मां आला. जिवंत आहे, आत झोपलाय. आधी हे वाचा, मग पुढचं.

सकाळी नगरपालिकेचा माणूस ओरडत गेला की कैद्यांची गाडी येतेय. तुम्हाला तार करायला वेळच नव्हता. मी एकटी निघाले. झेफिरीनला दारातून सांगितलं, "ऑस्कारला घरात ठेव." ती म्हणाली, "ठेवते." पण कुणाचं पोर घरात राहतंय अशा दिवशी? सगळी गल्ली स्टेशनवर होती. खाणीचा बँड होता, शाळेतल्या पोरांच्या हातात झेंडे होते. ऑस्कार वर्गाबरोबर आला होता, मास्तरांनी आणला होता. हा विचार ना मी केला ना झेफिरीननं.

गाडी आली. माणसं उतरली की सांगाडे उतरले, काय सांगू. फिर्मांला मी चालण्यावरून ओळखलं. मी हाक मारली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, हसला, हात पुढं केला, आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली.

तिथं ऑस्कार उभा होता. एका पायावर, टाच उचलून. उन्हात ते कान.

फिर्मां माझ्या अंगावरून पुढं गेला, आई. लोकांना ढकलत गेला. पोरासमोर गुडघ्यांवर बसला, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, "थिओ. माझ्या ठिणगी. केवढा झालास!" मग त्याचे कान चुंबत सुटला, एकदा हा, एकदा तो.

गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. एक माणूस बोलला नाही. बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. झेफिरीन गर्दीत होती, तिनं तोंडावर हात दाबला होता.

आणि ऑस्कार काय करत होता ठाऊक आहे? मी इतकी वर्षं शिकवलं तेच. मान ताठ, श्वास धरलेला, हातातला झेंडासुद्धा हलत नव्हता. किती तरी वेळ. फिर्मांचे अश्रू त्याच्या गालावरून ओघळत होते, त्याला गुदगुल्या होत असणार. शेवटी त्यानं डोळे तेवढे माझ्याकडं वळवले आणि अगदी बारीक आवाजात विचारलं:

"मादाम, आता हललं तर चालेल?"

मादाम. स्वतःच्या आईला कोणतं पोर मादाम म्हणतं?

फिर्मांचे हात तिथंच थांबले. त्यानं पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझं तोंड बघितलं. मला काही सांगावंच लागलं नाही.

"कधी?" त्यानं विचारलं.

"एक्केचाळीसचा फेब्रुवारी. घटसर्प."

"म्हणजे टोपी उडाली तेव्हा..."

"तेव्हा नव्हता."

त्यानं ऑस्कारची वाकडी झालेली कॉलर सरळ केली. म्हणाला, "हल बाळा आता. हल." आणि पोर जे धावत सुटलं ते आईच्या झग्याआडच थांबलं.

घरापर्यंत आम्ही चालत आलो.  वाटेत कालव्याचा पूल लागतो, तिथं मी त्याच्या आणि कठड्याच्या मधून चालले.

तुम्ही या. पूल असो नसो, कुणाच्या ट्रकवर बसून या, पण या.

लेओनी


मार्शिएन, ३ जून १९४५

आई,

तुमची तार मिळाली, गुरुवारपर्यंत पोचता असं म्हणता. बरं झालं. पण येताना एक गोष्ट आठवत या, म्हणून हे पत्र तुमच्या आधी धाडते. लष्करी गाडीचा ड्रायव्हर तुमच्याकडूनच जाणार आहे.

फिर्मां कबरीवर जाऊन आला. मी बरोबर गेले, त्यानं नको म्हटलं नाही. माझ्यावर ओरडला नाही. तुमच्यावरही नाही. "आईनं 'बाबांचे कान' लिहिलं," एवढंच एकदा म्हणाला, आणि हसल्यासारखं केलं. मला तो ओरडलेला चालला असता.

परवा सकाळी त्यानं आपली चित्रं काढायची जुनी फळी खिडकीशी ओढली आणि कागद मागितला. मला वाटलं, सुटले. काढायला बसला म्हणजे जगणार. त्यानं होडी काढली, रेनिए काढला, मग ठिणगी. सहा वर्षांचा, मी टोपी उडवली त्याच्याआधीचा. पण टोपी घालेना. म्हणाला, "टोपीत लपवायचं नाही. थिओ काढायचाय."

आई, ऑस्कार आला. लहान केलेला ऑस्कार. त्यानं फाडला. पुन्हा काढला. पुन्हा ऑस्कार. तेव्हापासून तो काढतोय नि फाडतोय. चुलीपाशी ढीग झालाय. ऑस्कार काल खिडकीतून डोकावला, स्वतःला एवढा फाटलेला बघितला आणि पळून गेला.

मघाशी फिर्मांनं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, "त्याचे कान कसे होते गं, लेओनी? मला आठवत नाहीत." फोटो छावणी सोडताना हरवला. मी म्हटलं, "थांब, मी काढते." काढायला बसले. मी त्याची आई. मी ते कान धुतलेत, ओढलेत, तापात त्यांच्यावर थंड फडकं ठेवलंय. डोळे मिटले की आठवतात असं वाटतं. पेन्सिल टेकली की ऑस्कारचे येतात.

घटसर्पानं त्याचा जीव नेला. तोंड मी नेलं, आठवड्याला एक पान करून.

फिर्मां फाडत असतो तोवर मला भीती नाही. आत्ता फाडायचं थांबलाय आणि माझ्याकडं बघत बसलाय. मी सांगितलंय त्याला, "आई येतेय. आईनं पाहिलेत." तर तो म्हणाला, "मग तोवर थांबतो."

तोवर थांबतो, म्हणाला.

तुम्ही थिओला त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात मांडीवर घेऊन केस कापले होते, टोपी बाजूला ठेवून. तो रडत होता आणि तुम्ही कान मुडपून कात्री चालवत होतात. आठवा, आई. वाटभर आठवत या. छप्पर गेलं, गाय गेली, ते राहू दे. तेवढे दोन कान घेऊन या. आणि या वेळी खरे.

लेओनी